ऑक्सिजनशिवाय अठरा मिनिटं

दोस्तांनो, पहिल्यांदा पाहिल्यावर बरेच जण "ई!" म्हणून तोंड फिरवतात, असा एक प्राणी आज तुम्हाला दाखवायचाय.

लांबी मोठ्या माणसाच्या बोटाएवढी. वजन तीस-पस्तीस ग्रॅम. अंगावर केस जवळजवळ नाहीतच, नुसती गुलाबी, सुरकुतलेली, सैल कातडी. डोळे बारीक आणि मिचमिचे. पुढचे चार दात तर चक्क ओठांच्या बाहेर! तोंड घट्ट मिटलं तरी दात बाहेरच राहतात, त्यामुळे दातांनी माती उकरताना ती घशात जात नाही. याचं नाव नेकेड मोल रॅट. राहायला आफ्रिकेत, केनिया, इथिओपिया आणि सोमालिया या देशांत. घर म्हणजे जमिनीखाली खणलेले लांबच लांब बोगदे. एका वसाहतीत साधारण सत्तर-ऐंशी जण असतात, कधी कधी त्याहून कितीतरी जास्त. त्यांच्यात एकच राणी. पिल्लं फक्त तिलाच होतात. बाकीच्यांनी खणायचं, कंद शोधायचे आणि पिल्लं सांभाळायची. मुंग्या-मधमाश्यांचा हा रिवाज एका सस्तन प्राण्यातही आहे, हे जेनिफर जार्विस या संशोधक बाईंनी १९८१ साली जगाला सांगितलं, तेव्हा भलेभले चकित झाले. साधा उंदीर जेमतेम दोन-तीन वर्षं जगतो, हा पठ्ठ्या तिशी ओलांडतो.

पण आपलं आजचं कुतूहल वेगळं आहे. ही सगळी मंडळी झोपतात कशी, तर एकाच खोलीत, एकमेकांच्या अंगावर, ढीग करून! वरती माती, आजूबाजूला माती, खिडकी कुठेच नाही. ढिगाच्या तळाशी जो झोपला असेल त्याच्या नाकाशी कसली हवा येत असेल, विचार करा. दहा जणांनी आधीच वापरलेली, कोंडलेली हवा.

आपण ज्या हवेत वावरतो तिच्या शंभर भागांत जवळजवळ एकवीस भाग ऑक्सिजन असतो. अमेरिकेत शिकागोला काम करणारे थॉमस पार्क, जर्मनीत बर्लिनला काम करणारे गॅरी लेविन आणि त्यांचे सहकारी यांना प्रश्न पडला, की हा एकवीसचा आकडा किती खाली आणला तर या प्राण्याला त्रास होईल? त्यांनी तो पाचवर आणला. इतक्या कमी ऑक्सिजनमध्ये साधा उंदीर पंधरा मिनिटंही तगत नाही. नेकेड मोल रॅट पाच तास आरामात राहिले! मग त्यांनी आकडा थेट शून्यावर नेला. ऑक्सिजन अजिबात नाही, फक्त नायट्रोजन. साधा उंदीर साधारण मिनिटभरात मरतो. आपला गुलाबी पाहुणा काही वेळात बेशुद्ध झाला, त्याचा श्वास हळूहळू थांबला, हृदयाचे ठोके मिनिटाला दोनशेच्या आसपास होते ते पन्नासवर आले. पण ते चालू राहिले. असं किती वेळ? अठरा मिनिटं. मग त्याला साध्या हवेत आणलं. त्याने श्वास घेतला, उठला, आणि आपल्या कामाला लागला. मेंदूला काही इजा झाल्याची खूणही नाही. हे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झालं, आणि मला विचाराल तर गेल्या कित्येक वर्षांत प्राण्यांबद्दल वाचलेली ही सर्वांत थक्क करणारी गोष्ट आहे.

ती थक्क करणारी का, हे कळायला मात्र आधी त्या साध्या उंदराकडे बघायला हवं. तो एका मिनिटात का मरतो? आणि आपलंही तसंच का असतं? ऑक्सिजन थांबला की हात, पाय, कातडी, हाडं बराच वेळ दम धरतात. सगळ्यात आधी कोलमडतो तो मेंदू. असं का बरं?

कारण मेंदू भयंकर खर्चिक आहे! आपल्या वजनाच्या शंभरातले जेमतेम दोन भाग मेंदूचे, पण आपण घेतलेल्या ऑक्सिजनच्या शंभरातले वीस भाग तो एकटाच वापरतो. तुम्ही गणित सोडवत असा नाहीतर नुसते बसलेले असा, खर्च जवळजवळ तेवढाच. वर आणखी एक अडचण म्हणजे मेंदू साठा करून ठेवत नाही. चरबी साठते, यकृतात साखर साठते, पण मेंदूत ऑक्सिजनची शिल्लक म्हणाल तर काही सेकंदांची. माणसाच्या मेंदूचा रक्तपुरवठा पूर्ण थांबला, तर साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते.

हा एवढा खर्च कशावर होतो? तुम्हाला वाटेल, विचार करण्यावर. नाही! सगळ्यात मोठा खर्च होतो तो उपसा करण्यावर. एखाद्या जुन्या होडीला बारीक बारीक भोकं असावीत, पाणी सारखं आत झिरपत असावं, आणि होडीतल्या माणसाने न थांबता डब्याने पाणी बाहेर उपसत राहावं, तसं प्रत्येक चेतापेशीचं चाललेलं असतं. पेशीच्या बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. या फरकामुळेच पेशी विजेचा संदेश पाठवू शकते. पण सोडियम सतत आत येत राहतो आणि पोटॅशियम बाहेर जात राहतो. म्हणून पेशीच्या आवरणात लाखो सूक्ष्म पंप बसवलेले असतात. एका खेपेला सोडियमचे तीन कण बाहेर, पोटॅशियमचे दोन कण आत. पुन्हा तीन बाहेर, दोन आत. प्रत्येक खेपेला एटीपी नावाच्या ऊर्जा-रेणूचा एक घास लागतो. आणि एटीपी भरपूर बनवायचा तर ऑक्सिजन हवाच. हा पंप येन्स स्को या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५७ साली शोधला. कशात? खेकड्याच्या पायातल्या नसांमध्ये! पुढे चाळीस वर्षांनी, १९९७ साली, त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं.

आता कल्पना करा, ऑक्सिजन थांबला. एटीपी संपत आला. उपसा थांबला.

पुढे काय होतं, ते शास्त्रज्ञांनी उंदीर, ससे, मांजरं अशा प्राण्यांना भूल देऊन, त्यांच्या मेंदूवर बारीक तारा ठेवून पाहिलं आहे. पहिल्या दहा-वीस सेकंदांत मेंदूवरच्या विजेच्या लहरी, कागदावर एरवी वेड्यावाकड्या दिसणाऱ्या, सपाट होतात. सरळ रेघ. बघणाऱ्याला वाटेल, संपलं. पण नाही. या घडीला पेशी मेलेल्या नसतात. त्यांनी फक्त एकमेकींशी बोलणं बंद केलेलं असतं. जेवढा एटीपी उरलाय तो पंपासाठी राखून ठेवायचा, गप्पा नंतर! किती शहाणपणाचं आहे पाहा. या वेळी ऑक्सिजन परत आला, तर सगळं पुन्हा सुरू होऊ शकतं.

तो आला नाही, तर मात्र एक-दोन मिनिटांत दुसरी घटना घडते, आणि ती समजायला आपल्याला १९४४ सालात जावं लागेल. अरिस्टिडिस लिआओ नावाचा ब्राझीलचा तरुण अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात शिकत होता. त्याला अपस्माराचा, म्हणजे फिट्स येण्याचा, अभ्यास करायचा होता. भूल दिलेल्या सशाच्या मेंदूवर त्याने एका ओळीत अनेक तारा ठेवल्या आणि एका टोकाला विजेचा हलका झटका दिला. फिटच्या जोरदार लहरी दिसतील असं त्याला वाटलं होतं. झालं उलटंच. झटक्याजवळची तार गप्प झाली. थोड्या वेळाने तिच्या शेजारची गप्प झाली. मग तिच्या पुढची. शांततेची एक लाट सशाच्या मेंदूवरून सरकत निघाली होती, आणि तिचा वेग किती? मिनिटाला फक्त तीन मिलिमीटर! आपल्या शरीरातल्या सगळ्यात जलद नसांमधून संदेश सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावतात, आणि ही लाट एवढी संथ. म्हणजे हा नेहमीचा संदेश नव्हता, काहीतरी वेगळंच होतं. थोड्याच वर्षांनी लिआओने दाखवलं, की मेंदूचा रक्तपुरवठा तोडला तरी असाच प्रकार घडतो.

या लाटेत काय चाललेलं असतं, ते आता बरंच कळलंय. उपसा थांबलेल्या पेशीत सोडियम धडाधड शिरतो, त्यामागोमाग पाणी शिरतं, पेशी फुगते. तिच्यातला पोटॅशियम बाहेर पडतो आणि शेजारच्या पेशीला बिघडवतो. त्याहून वाईट म्हणजे, पेशी आपल्याजवळचं ग्लुटामेट नावाचं रसायन एकदम ओतून टाकते. एरवी हे ग्लुटामेट मोठ्या कामाचं. एक चेतापेशी दुसरीला "जागी हो" असं सांगते ते ग्लुटामेटचा एक थेंब सोडूनच. पण आता थेंबाऐवजी लोंढा येतो. शेजारणीला सारखं "जागी हो, जागी हो" ऐकू येतं, तिच्या आवरणातली दारं उघडतात, आणि आत कॅल्शियम घुसतं. पेशीत कॅल्शियम एरवी अगदी मोजून मापून असतं. ते भरमसाट वाढलं की पेशीतली कापणारी, तोडणारी रसायनं मोकाट सुटतात आणि पेशीचा स्वतःचाच सांगाडा तोडायला लागतात.

म्हणजे बघा, ऑक्सिजन नसणं ही फक्त सुरुवात असते. खरी नासधूस पेशीची स्वतःचीच रसायनं करतात. हे कळल्यावर शास्त्रज्ञांना एक आशा वाटू लागली. ऑक्सिजन आणून देणं नेहमी आपल्या हातात नसतं, पण ही नासधूस मध्येच थांबवता आली तर?

ती आशा बळावली जर्बिल नावाच्या छोट्या प्राण्यामुळे. मंगोलियाच्या माळरानावरचा हा उंदराचा भाऊबंद. आपल्या मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक कडं असतं. एक वाट बंद झाली तर दुसरीकडून रक्त येतं. जर्बिलमध्ये हे कडं अपुरं असतं. त्यामुळे मानेतल्या दोन धमन्या थोडा वेळ बंद केल्या की त्याच्या पुढच्या मेंदूचा पुरवठा थांबतो. जपानच्या ताकाआकी किरिनो यांनी १९८२ साली भूल दिलेल्या जर्बिलचा पुरवठा पाच मिनिटं थांबवला आणि पुन्हा सुरू केला. दुसऱ्या दिवशी मेंदू तपासला तर हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशी, म्हणजे नव्या आठवणी बनवायला लागणाऱ्या पेशी, जवळजवळ नीट दिसत होत्या. पण काही दिवस थांबून पाहिलं, तर त्यांतल्या बहुतेक सगळ्या मेलेल्या! घाव पाच मिनिटांचा, आणि मरण इतक्या दिवसांनी. मधले ते दिवस पेशी जगायचं की मरायचं या काठावर असते. डॉक्टरांच्या दृष्टीने त्या दिवसांचं मोल फार मोठं. तेवढ्या अवधीत काहीतरी करता येण्याजोगं आहे! पुढे १९९० साली जपानमधल्याच दुसऱ्या गटाला दिसलं, की जर्बिलला आधी दोन-दोन मिनिटांचा छोटा खंड सोसायला लावला, तर नंतरचा मोठा खंड त्याच पेशी निभावून नेतात. मेंदू संकटाची तयारीसुद्धा करतो.

एवढी नाजूक परिस्थिती असताना शरीराने आधी सावध करायची काही सोय केली नसेल का? केलीय की! तुमच्या मानेत दोन्ही बाजूंना एकेक मोठी धमनी आहे. जबड्याच्या थोडं खाली ती दुभंगते. बरोबर त्या दुभंगाशी तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव आहे, त्याला कॅरोटिड बॉडी म्हणतात. (शोधायला म्हणून मान दाबू नका हं! त्या जागी जोरात दाबलं तर माणसाला चक्कर येऊ शकते.) या दाण्यातून, त्याच्या आकाराच्या मानाने, प्रचंड रक्त वाहतं. कारण त्याचं कामच रक्त चाखण्याचं आहे. स्पेनमध्ये माद्रिद इथे फर्नांडो दे कास्त्रो यांनी १९२०च्या दशकात सूक्ष्मदर्शकातून त्यातल्या नसा पाहिल्या आणि म्हटलं, हा अवयव रक्तातली रसायनं ओळखत असणार.

ते प्रयोगाने सिद्ध केलं बेल्जियममधल्या घेंट शहराच्या कॉर्नेल हायमन्स यांनी. ते आणि त्यांचे वडील, दोघेही प्राध्यापक, मिळून काम करायचे. त्यांचा प्रयोग अवघड होता, पण कल्पना सोपी. भूल दिलेल्या एका कुत्र्याच्या मानेतला हा भाग बाकीच्या रक्तप्रवाहापासून वेगळा करायचा, त्याच्या नसा मात्र शाबूत ठेवायच्या, आणि त्यातून बाहेरून, दुसऱ्या कुत्र्याचं, रक्त खेळवायचं. आता त्या रक्तातला ऑक्सिजन कमी केला. पहिल्या कुत्र्याच्या मेंदूला स्वतःचं चांगलं रक्त मिळतच होतं, तरी त्याचा श्वास जोरात सुरू झाला! नस कापल्यावर तोच बदल दिसेना. म्हणजे श्वास वाढवण्याचा निरोप या दाण्याकडूनच येतो. हायमन्सना यासाठी १९३८ सालचं नोबेल मिळालं. दे कास्त्रोंना मिळालं नाही. मला ते अन्यायाचं वाटतं, म्हणून त्यांचं नाव इथे आवर्जून सांगितलं.

हा दाणा ऑक्सिजन कमी झाल्याचं ओळखतो कसं? त्याच्या पेशींच्या आवरणात पोटॅशियमसाठी दारं असतात. ऑक्सिजन घटला की ती मिटतात. १९८८ साली स्पेनच्याच संशोधकांनी सशाच्या पेशींत हे पाहिलं. दारं मिटली की पेशीचा विजेचा तोल बदलतो, ती रसायन सोडते, शेजारची नस चेतते, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वासाच्या केंद्राला निरोप जातो: वाढव!

आता एक फार महत्त्वाची गोष्ट. एरवी आपल्याला जी "श्वास घ्यायलाच हवा" अशी तगमग होते, ती ऑक्सिजन कमी झाल्यामुळे फारशी होत नाही. ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड न साठता नुसता ऑक्सिजनच घटला, तर माणसाला जीव गुदमरल्यासारखं वाटतच नाही. उलट मजा वाटते! १५ एप्रिल १८७५ या दिवशी पॅरिसजवळून 'झेनिथ' नावाच्या फुग्यातून तीन फ्रेंच माणसं आकाशात गेली: तिसांदिए, सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली. त्याआधी पॉल बेर या शास्त्रज्ञाने चिमण्यांवर, इतर प्राण्यांवर आणि स्वतःवरही बंद कोठडीत प्रयोग करून दाखवलं होतं, की उंचावर माणूस आजारी पडतो तो ऑक्सिजन कमी पडल्यामुळे. म्हणून या तिघांनी बरोबर ऑक्सिजनच्या पिशव्या नेल्या होत्या. फुगा आठ हजार मीटरकडे चढला. तिसांदिएने नंतर लिहिलं, की आपल्याला भीती वाटली नाही, आतून आनंद वाटत होता. पिशवीची नळी तोंडात धरावी असं मनात आलं, पण हात उचलेना. तिघेही बेशुद्ध झाले. फुगा खाली आला तेव्हा जिवंत होता एकटा तिसांदिए. ऑक्सिजन हाताशी होता, पण तो घ्यायला हवा हे कळणारा मेंदूच आधी मंदावला.

चला, आता आपल्या दातवाल्या पाहुण्याकडे परत. त्याने अठरा मिनिटं काढली कशी?

दोन गोष्टींमुळे. एक, खर्च बंद. हृदय मंद, श्वास बंद, हालचाल शून्य, मेंदू अगदी गप्प. दुसरी गोष्ट खरी चकित करणारी. नेहमी सगळ्या सस्तन प्राण्यांचा मेंदू ग्लुकोज ही साखर वापरतो. ऑक्सिजन नसला तरी ग्लुकोज अर्धवट तोडून थोडा एटीपी बनवता येतो, पण त्या वाटेवर एक अडसर आहे: आम्लं साठली की ती वाट आपोआप बंद होते. पार्क आणि लेविन यांच्या गटाने पाहिलं, की ऑक्सिजन थांबल्यावर नेकेड मोल रॅटच्या रक्तात वेगळीच साखर वाढली आहे, फ्रुक्टोज! फळांत आणि मधात असते ती. फ्रुक्टोज त्या अडसराच्या पुढे जाऊन वाटेला मिळते, म्हणून अडसर तिला लागतच नाही. आपल्या शरीरात फ्रुक्टोजची ने-आण मुख्यतः आतडं, यकृत आणि मूत्रपिंड करतात. या पठ्ठ्याच्या मेंदूत आणि हृदयातसुद्धा फ्रुक्टोज आत घेणारी दारं भरपूर आहेत. ढिगाच्या तळाशी झोपणाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, आणि त्यांतून ही युक्ती टिकली.

ऑक्सिजनशिवाय राहण्यात याचेही गुरू आहेत बरं का. उत्तर अमेरिकेत पेंटेड टर्टल नावाचं रंगीत कासव असतं. हिवाळ्यात तलाव गोठला की ते तळाच्या चिखलात जाऊन बसतं, आणि तीन अंश सेल्सिअसच्या पाण्यात तीन महिन्यांहून अधिक काळ ऑक्सिजनशिवाय काढतं. हृदयाचा ठोका काही मिनिटांतून एकदा! साठलेलं आम्ल त्याचं कवच शोषून घेतं आणि बदल्यात चुना सोडतं. त्याच्या चेतापेशी तर फारच हुशार. सोडियम-पोटॅशियम ज्या दारांतून झिरपतात ती दारंच त्या बऱ्याच प्रमाणात मिटवून घेतात. झिरपणंच कमी, मग उपसाही कमी. कॅनडाच्या पीटर होचाच्का यांनी १९८६ साली ही कल्पना मांडली होती.

क्रुशियन कार्प हा युरोपातला मासा याच्या अगदी उलट वागतो. तो बर्फाखालच्या पाण्यात ऑक्सिजनशिवाय महिनेच्या महिने राहतो, पण झोपत नाही, हळूहळू पोहत राहतो! तो घातक आम्लाचं मद्यार्कात रूपांतर करतो आणि कल्ल्यांमधून ते पाण्यात सोडून देतो. काटकसर तोही करतो, पण निवडून. नॉर्वेतल्या ओस्लोच्या संशोधकांनी त्याच्या डोळ्यांवर उजेड पाडून पाहिलं, तर ऑक्सिजन नसताना डोळ्यांचा आणि मेंदूतल्या दृष्टीच्या भागाचा प्रतिसाद पार मंदावला होता. बर्फाखाली अंधारच, पाहायचंय काय? म्हणून नजरेवरचा खर्च बंद. घरच्या काचेच्या टाकीतला गोल्डफिश याचा जवळचा नातेवाईक आहे. पण म्हणून त्याच्यावर असले प्रयोग करायचे नाहीत हं, अजिबात नाहीत!

हे वाचताना तुमच्यापैकी काहींना त्या ससे, जर्बिल, कुत्र्यांसाठी वाईट वाटलं असेल. वाटायलाच हवं. त्यांनी स्वतःहून होकार दिला नव्हता. म्हणूनच १९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्लिश शास्त्रज्ञांनी आग्रह धरला, की जिथे प्राण्याशिवाय भागेल तिथे प्राणी वापरू नका, वापरलेच तर कमीत कमी वापरा, आणि त्यांना कमीत कमी त्रास होईल असं बघा. आपल्या देशात प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० साली झाला, आणि त्याखाली नेमलेली समिती अशा प्रयोगांवर देखरेख ठेवते. पूर्वी सर्रास झालेले कितीतरी प्रयोग आज कोणी करायला मागितले तर परवानगी मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे.

या प्राण्यांमुळे झालेलं काम मात्र बाळांच्या खोलीपर्यंत पोचलं आहे. काही बाळांना जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडतो. किरिनोंच्या जर्बिलमध्ये दिसला तसा अवधी त्यांच्या मेंदूलाही मिळतो. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या ॲलिस्टर गन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली मेंढीच्या पोटातल्या कोकरांवर दाखवलं, की त्या अवधीत डोकं थंड ठेवलं तर पुष्कळ पेशी वाचतात. थंडाव्यात खर्च कमी होतो, कासवाला हे कधीचंच माहीत होतं! मग बाळांवर चाचण्या झाल्या, आणि आज अनेक देशांत अशा बाळांना तीन दिवस ३३-३४ अंश सेल्सिअसवर ठेवतात. पण २०२१ साली भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांमधली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात हा फायदा दिसला नाही. उलट थंड ठेवलेली बाळं जास्त दगावली. म्हणून एका ठिकाणी सिद्ध झालेला उपाय दुसरीकडे वापरण्याआधी पुन्हा तपासावाच लागतो. असं तपासणाऱ्या आपल्याकडच्या डॉक्टरांचं मला फार कौतुक वाटतं.

आता शेवटचं, आणि हे नीट ऐका. मे महिन्याच्या सुट्टीत गावाकडे विहिरीवर, नदीवर किंवा शहरातल्या तलावावर पोहायला गेलं की "पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो" अशी पैज लागतेच. कुणीतरी सांगतं, बुडी मारायच्या आधी भराभरा खोल श्वास घे, मग जास्त वेळ टिकशील. त्या भराभर श्वासांनी रक्तात ऑक्सिजन फारसा वाढत नाही. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपल्याला तगमग करून वर आणणारा. तगमग उशिरा होते, तोवर ऑक्सिजन संपत आलेला असतो, आणि पाण्याखालीच, काही न जाणवता, शुद्ध हरपते. 'झेनिथ' फुग्यातल्या माणसांना जसं कळलं नाही, तसंच पोहणाऱ्यालाही कळत नाही. चांगले पट्टीचे पोहणारेही असे गेले आहेत. आपल्या मेंदूत फ्रुक्टोजची ती युक्ती नाही, आणि आपल्याला कासवाचं कवचही नाही. तेव्हा बुडीआधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत, श्वास कोंडायची पैज लावायची नाही, कोणी लावत असेल तर त्याला थांबवायचं, आणि काठावर पोहता येणारं मोठं माणूस लक्ष ठेवायला असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही.